कॅसेटची दुसरी बाजू

१

वाशीला राहायला आल्यापासून दिनानाथरावांच्या घरात शुक्रवार हा वेगळा वार झाला होता. शुक्रवारी अकराच्या सुमारास लाईट जायचे आणि दुपारी कधीतरी परत यायचे. कारखान्यांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून तारांची दुरुस्ती वीज मंडळ त्याच दिवशी काढायचं. बायका गुरुवारीच दळण आणून ठेवत, पिंपं भरून ठेवत. कुणाची तक्रार नव्हती. दिनानाथरावांना तर उलट बरंच वाटायचं. मशीन बंद म्हणजे पायाला विश्रांती.

कॅसेट ऐकायचं, पायाने चालवायचं हे मशीन दिलीपने आणून दिलेलं. दिलीप हा त्यांचा जुना विद्यार्थी. दिनानाथरावांनी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं होतं. निवटी नावाच्या खाडीतल्या माशावर त्यांनी डॉक्टरेट मिळवली होती. भरती ओसरली की चिखलात बसून राहणारा, पाण्याबाहेरही श्वास घेणारा तो मासा. दिलीपने त्यांच्याकडे दोन वर्षं कसाबसा अभ्यास केला, मग कॉलेज सोडून तो शीवच्या एका खासगी रुग्णालयाच्या ऑफिसात चिकटला. तिथले मोठे डॉक्टर विलायतेत शिकून आलेले. रोग्यांची तपासणी ते कागदावर लिहीत नसत, कॅसेटमध्ये बोलून ठेवत. ती ऐकून टाइप करायला माणूस हवा होता, आणि दिनानाथरावांना घर सोडता येत नव्हतं. जयमालाबाईंचा दमा वाढला होता.

"सर, घरबसल्या काम आहे," दिलीप म्हणाला. "पण नियम एकच. ऐकू नाही आलं तर गॅप सोडायची. बाजूला पेन्सिलीने फुली मारायची. डॉक्टर भरतात. आपण डोकं लावायचं नाही."

"म्हणजे जन्मभर जे लावलं ते आता काढून ठेवायचं?"

"डोकं लावणारेच घोळ घालतात, सर. आधीच्या बाई बी.ए. होत्या. त्या गेल्या."

"गेल्या? कुठे गेल्या?"

"लग्न झालं हो त्यांचं! तुम्ही ना, सर, उगाच टेन्शन घेता."

टेन्शन घेणं हा दिनानाथरावांचा स्वभावच होता. परीक्षेसाठी दिलेली पहिली कॅसेट त्यांनी तीनदा टाइप केली आणि तरी दिलीपच्या हातात कागद देण्याआधी तो पुन्हा एकदा वाचून काढला. काम मिळालं. पण मोकळी जागा सोडणं काही त्यांना जमलं नाही. एखादा शब्द लागला नाही की ते टेप पुन्हापुन्हा मागे नेत. खालच्या पेडलवर चवडा दाबला की टेप चाले, टाच दाबली की मागे जाई, पाय उचलला की थांबे. शब्द लागेपर्यंत त्यांचा पाय टाच-चवडा, टाच-चवडा करत राही. फुली मारलेला कागद म्हणजे त्यांना नापास झाल्यासारखं वाटे.

२

बाहेरच्या खोलीत खिडकीशी टेबल, त्यावर टाइपरायटर आणि मशीन. आतल्या खोलीत जयमालाबाईंचा पलंग. गिरगावातल्या कोंदट खोल्या सोडून इथे आले ते मोकळ्या हवेसाठी. हवा मोकळी होती, पण दुपारी वारा फिरला की कारखान्यांचा गोडसर वास घेऊन यायचा. मग जयमालाबाई उशांना टेकून बसत. आडवं झालं की दम अडके. नीट झोप लागून किती महिने झाले होते, त्याचा हिशोब दोघांनीही सोडला होता.

त्या दुपारी एका कॅसेटमधलं शेवटचं वाक्य अर्धवट तुटल्यासारखं वाटलं, म्हणून दिनानाथरावांनी कॅसेट उलटी करून लावली. दुसऱ्या बाजूला बोलणं नव्हतं. थोडी खरखर, आणि मग श्वास.

याचं त्यांना नवल वाटलं नाही. छाती तपासताना डॉक्टर माइक तसाच चालू ठेवत. रोग्याचा श्वास ऐकू येई, मग डॉक्टर निदान सांगत. दिनानाथरावांनी कागद चढवला, बोटं कळांवर ठेवली आणि डॉक्टर बोलायची वाट पाहू लागले. श्वास आत, श्वास बाहेर. बाहेर जाताना शेवटी बारीकशी शीळ. बाईमाणसाचा असावा. वय झालेलं. डॉक्टर काही बोलले नाहीत. दहा मिनिटं झाली, वीस झाली. कागद कोराच. न ऐकता सोडून द्यावं तर शेवटी काही असलं म्हणजे?

मग त्यांच्या लक्षात आलं, की घर फार शांत आहे. खोकला नाही, उशांची हालचाल नाही. ते धास्तावून उठले आणि आत डोकावले.

जयमालाबाई आडव्या झाल्या होत्या. उशा एका बाजूला सरल्या होत्या, आणि त्या कुशीवर, लहान मुलीसारखा हात गालाखाली घेऊन, गाढ झोपल्या होत्या.

उठल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, काय झोप लागली हो मला. तुमच्या त्या मशीनने लागली की काय?"

"टाइप केलंच कुठे मी? नुसता ऐकत होतो."

"मग उद्याही ऐका," त्या हसून म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या होत्या.

३

कॅसेटा न्यायला दिलीप आला तेव्हा दिनानाथरावांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दुसऱ्या बाजूला कुणी बाई आहेत. डॉक्टर पुढे काही बोलतच नाहीत."

"दुसरी बाजू?" दिलीप पिशवी भरता भरता थांबला. "सर, डॉक्टर बी साइड कधीच वापरत नाहीत. त्यांचा हट्ट आहे तो. कोरी असते ती."

"कोरी नाही."

"जुनं काही राहिलं असेल. गाणीबिणी. द्या इकडे, पुसून टाकतो."

"राहू दे," दिनानाथराव घाईने म्हणाले. "पहिल्या बाजूचं थोडं काम बाकी आहे अजून."

काम बाकी नव्हतं. दिलीप जिना उतरून गेला तरी त्यांचे कान गरम होते.

त्या बाजूचा उपयोग होता हे खरं. ती लावली की जयमालाबाईंना झोप लागे, दुसरी कुठलीही कॅसेट लावली की लागत नसे. याला कारण असलंच पाहिजे. एका लयीतला आवाज, त्याने येणारी गुंगी. दिनानाथरावांनी हे स्वतःला नीट समजावलं आणि मग, सवयीने, तपासून पाहायचं ठरवलं. मधलं दार लावलं. मशीनची नळी दोन्ही कानांत घातली, म्हणजे आवाज बाहेर जाणार नाही. तिला ऐकू गेलं नाही तर तिला झोप लागणार नाही. सरळ प्रयोग होता.

थोड्या वेळाने त्यांनी एक कान मोकळा केला आणि बसल्या जागेवरूनच हात लांबवून दार किलकिलं केलं.

ती झोपली होती. एका कानात टेपमधला श्वास, दुसऱ्या कानात पलंगावरचा. आत. बाहेर. शीळ. दोन्ही शिळा एकाच वेळी. एका भिंतीवरची दोन घड्याळंही कधीकधी एकत्र टिकटिकतात, दिनानाथराव मनात म्हणाले. थोड्या वेळाने मागेपुढे होतातच. ते वाट पाहत राहिले. मागेपुढे झालं नाही.

त्यांनी पाय उचलला.

दोन्ही कान गप्प झाले.

खाली भंगारवाला ओरडत गेला. कुठल्यातरी स्वयंपाकघरात नळ वाहत होता. दिनानाथराव पलंगाकडे पाहत होते. पदराची निरी, जी मघापासून वरखाली होत होती, ती तशीच राहिली होती. त्यांनी पाय टेकवला. निरी वर आली.

एका निरीक्षणाला पुरावा म्हणत नाहीत, हे ते मुलांना दर वर्षी पहिल्याच तासाला सांगत. प्रयोग पुन्हा करायचा असतो. त्यांनी केला नाही. आयुष्यात प्रथमच त्यांना पुरावा नको होता.

४

शुक्रवार ते विसरले. इतक्या वर्षांत विसरले नव्हते.

जयमालाबाई सकाळीच "जरा पडते" म्हणाल्या आणि दिनानाथरावांनी ती बाजू लावून दिली. मध्येच पंखा मंदावला. मशीनवरचा लाल दिवा विझला. दिनानाथरावांचा पाय पेडलवर दाबलेलाच होता. त्यांनी तो आणखी दाबला, जणू जोर लावल्याने वीज येणार होती.

आतून काही आवाज नव्हता.

ते आत गेले तेव्हा तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि ओठांचा रंग गेला होता. त्यांनी हाक मारली, खांदे धरून हलवलं, तोंडावर पाणी मारलं. "जयमाला! अगं, ए जयमाला!" किती वेळ गेला कोण जाणे. मग ती एकदम कण्हून उठली आणि तिने घशाला घरघर लागेपर्यंत हवा ओढली.

"चिखलातून वर आल्यासारखं झालं हो," ती धापा टाकत म्हणाली. "कशाला उठवलंत?"

"उठवलंत म्हणजे? तू श्वास..."

"खिडकी लावा, वास येतोय," ती म्हणाली आणि पुन्हा आडवी झाली. "आणि ते मशीन लावा ना. त्याने बरं वाटतं."

संध्याकाळी त्यांनी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी छातीपाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं आणि नळी गळ्यात अडकवत म्हणाले, "छाती साफ आहे, सर. इतकी साफ मी यांची कधी पाहिली नव्हती. काय औषध चालू केलंत?"

५

त्यानंतर ती बाजू बंद ठेवण्याची हिंमत दिनानाथरावांना झाली नाही. जयमालाबाई झोपत आणि झोपतच राहत. आधी दुपारभर, मग सकाळीही, मग रात्रीही. अर्ध्या तासाची ती बाजू. संपत आली की टाच दाबून मागे न्यायची. तेवढ्या क्षणांत आतला श्वास अडकून राही आणि टेप सुरू झाली की सुटे. दिनानाथराव खुर्चीतच जेवत, खुर्चीतच डुलक्या घेत. झोपेतही पाय दाबलेला राही. पोटरीत गोळे येत. डावा थकला की उजवा.

ती बाजू त्यांनी शेवटपर्यंत मात्र कधी जाऊ दिली नाही. शेवटाकडे श्वासांमधलं अंतर वाढत जाई. इतकं वाढे की हा शेवटचाच असं वाटे. तिथे आले की त्यांची टाच आपसूक दाबली जाई. पुढे काय आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं. कदाचित डॉक्टर बोलत असतील. कदाचित जे टाइप करायला ते बसले होते ते तिथेच असेल.

टेपच्या मध्यावर एका ठिकाणी श्वास खोकल्याने तुटे. तिथे जयमालाबाई जाग्या होत. ते पाणी पाजत, पेजेचे दोनचार घोट भरवत. आणि त्या म्हणत, "गोजरा आली का? खिडकी लावा, वास येतोय." आणि झोपत. पुढच्या वेळी टेप तिथे आली की पुन्हा जाग्या होत. "गोजरा आली का? खिडकी लावा, वास येतोय."

एकदा खिडकी बंदच होती, वाराही खाडीकडून होता आणि गोजरा समोर फरशी पुसत होती.

गोजरा ही त्यांची कामवाली, वाशी गावातली. घरात पाऊल टाकल्यापासून बाहेर पडेपर्यंत तिचं तोंड चालू असे. त्या दिवशी मात्र तिने फडकं बादलीत टाकलं आणि ती बाहेरच्या खोलीत आली.

"सर, मी हिकडंच हाय ना? का दिसत नाय मी?"

"झोपेत बोलतात त्या, गोजरा."

"डोलं उघडं हायेत की त्यांचं! काल पन त्येच, परवा पन त्येच. मी म्हनलं, बाय, खाडीतली कालवं आनलीत तुमच्यासाठी, खानार का? तं माज्या पल्याड बघतान." तिने टेबलाखाली वाकून पाहिलं. "आन तुमी काय ह्ये पाय हलवीत बसताव दिसभर? शिवनमशीन हाय का त्ये?"

"काम आहे ते माझं."

"कागुद तं कोराच हाय," गोजरा म्हणाली.

दिलीपही येऊन गेला. मोठे डॉक्टर कॅसेटा मोजून घेतात, एक कमी भरतेय, म्हणाला. दिनानाथरावांनी, ज्यांनी उभ्या आयुष्यात एका मुलाचा अर्धा गुण लपवला नव्हता, त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलं की ती गहाळ झाली. दिलीप त्यांच्या दाढीकडे, सुजलेल्या पायाकडे आणि मशीनमध्ये फिरणाऱ्या कॅसेटकडे पाहत राहिला.

"सर, मॅडमना ॲडमिट करू या का? मी बोलतो डॉक्टरांशी."

"आणि वाटेत?" दिनानाथराव म्हणाले. "वाटेत कोण चालवणार?"

दिलीपला ते कळलं नाही. तो गेला, आणि काम घेऊन पुन्हा आला नाही.

६

पुढच्या शुक्रवारची तयारी त्यांनी गुरुवारीच केली. खालच्या मजल्यावरच्या बाजीरावांकडे सेलवर चालणारा टू-इन-वन होता, रेडिओ आणि टेप एकत्र असलेला. बाजीराव तळोज्याच्या कारखान्यात फोरमन, मूळचे साताऱ्याकडचे.

"न्या की, सर, त्यात विचारायचं काय," ते म्हणाले. "क्रिकेट ऐकताय वाटतं? तुम्हाला नाद असंल असं वाटलं नव्हतं."

"सेल चांगले आहेत ना?"

"एकदम कडक. गणपतीतच घातलेत."

गणपती होऊन किती दिवस झाले, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही. दिवसांचा पत्ता त्यांना राहिलाच नव्हता.

लाईट नेहमीपेक्षा लवकर गेले. पंखा मंदावताच त्यांनी कॅसेट काढली आणि टू-इन-वनमध्ये घातली. घाईत ती दोनदा उलटी बसली. आत शांतता होती. मग बटण खटकन खाली बसलं आणि श्वास सुरू झाला. दोन्हीकडे. दिनानाथराव खुर्चीत कोसळले. प्रथमच पाय मोकळा होता आणि तरी श्वास चालू होता. त्यांना रडू आलं.

थोडा वेळ सगळं ठीक चाललं. खोकल्याची जागा आली, आतून आवाज आला, "गोजरा आली का? खिडकी लावा, वास येतोय." त्यांनी जाऊन पाणी पाजलं, परत आले. तोपर्यंत श्वास जरा जड झाला होता.

सेल उतरत होते.

आवाज खाली खाली जाऊ लागला. श्वास लांबला, खोल झाला, बाईचा वाटेना, माणसाचा वाटेना, गुहेतून वारा यावा तसा वाटू लागला. आत पदराची निरी सावकाश वर चढत होती, वर जाऊन थबकत होती आणि त्याहून सावकाश खाली येत होती. टेप शेवटाकडे चालली होती. मागे न्यायचं बटण त्यांनी दाबलं तर चाकं नुसती थरथरली. त्यांनी घाबरून पुन्हा चालू केलं. ज्या जागेच्या पुढे ते कधी गेले नव्हते ती जागा आली. आणि गेली.

दिनानाथरावांनी स्पीकरला कान लावला. इतकी वर्षं विद्यार्थ्यांनी काढलेल्या हृदयाच्या आकृत्या तपासलेला, एकेक शब्दासाठी टेप दहादा मागे नेणारा माणूस. श्वास बाहेर जाताना शेवटी जी बारीक शीळ येत असे, ती आता मंदावलेल्या टेपमध्ये बारीक राहिली नव्हती. ती ताणली गेली होती, तिला कंठ फुटला होता. ती शीळ नव्हतीच. प्रत्येक श्वासाच्या शेवटी, इतके दिवस, प्रत्येक श्वासाच्या शेवटी, कुणीतरी काहीतरी म्हणत होतं आणि ते ऐकू न येण्याइतक्या वेगाने त्यांच्या कानांवरून जात होतं.

"अहो."

मग लांब, फार लांब शांतता. मग पुढचा श्वास, आणि त्याच्या शेवटी:

"पुरे आता."

जयमालेचा आवाज. तिच्या कंटाळ्याचा, तिच्या मायेचा, चाळीस वर्षांच्या संसारात रात्री उशिरापर्यंत पेपर तपासत बसलेल्या नवऱ्याला हाक मारायचा तोच आवाज. शब्द स्पष्ट होते. गॅप सोडायची काही गरज नव्हती.

त्यांनी आत पाहिलं. ती कुशीवर होती, हात गालाखाली. डोळे मिटलेले. पण पापण्यांखाली ती त्यांच्याकडे पाहत होती असं त्यांना वाटलं, आणि लगेच वाटलं की हा भास आहे, आणि लगेच वाटलं की भास म्हणणं हाच पळपुटेपणा आहे. त्यांचं बोट बंद करायच्या बटणावर गेलं. फक्त दाबायचं होतं. टेबलावर कागद चढवलेलाच होता. त्या बाजूचं निदान अखेर मिळालं होतं.

"हो गं," ते पुटपुटले. "हो. दाबतो."

बोट तसंच राहिलं. टेप जवळजवळ थांबली होती. पलंगावरची निरी खाली गेली होती आणि वर येत नव्हती.

तेवढ्यात पंखा हलला.

लाल दिवा लागला. खालून पोरांचा ओरडा उठला, कुणाचा तरी रेडिओ मध्येच गाऊ लागला. दिनानाथरावांनी विचार केला नाही. हातांनी कॅसेट काढली, हातांनी मशीनमध्ये बसवली, आणि थकलेल्या, सुजलेल्या पायाने आपली जागा शोधली. टाच खाली गेली. टेप मागे, मागे, पार सुरुवातीपर्यंत धावत गेली. मग चवडा.

आत जयमालाबाईंनी मोठ्याने श्वास ओढला. बाहेर सोडला. शेवटी बारीकशी शीळ.

दिनानाथरावांनी चष्मा पुसला. टाइपरायटरमधला कागद कोराच होता. त्यांनी पेन्सिल उचलली आणि, जन्मात पहिल्यांदाच, समासात ऐकू न आल्याची एक लहानशी फुली मारली.